त्याच, त्याचं, त्यांचं, आपलं, आलंय: इंदुरातल्या मराठी घरांतून वारंवार येणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये आठ-दहा मुलं मराठी वाचायला-लिहायला बसतात. मुलं जातात आणि मग आठवडाभर त्यांच्या आई-वडिलांचे फोन येतात. लोकमान्यनगर, सुदामानगर, राजेंद्रनगर, कुठलंही घर घ्या. घरी मराठी, शाळा हिंदीत नाहीतर इंग्रजीत, त्यामुळे बोलणं झकास पण लिहायला बसलं की हात अडखळतो. प्रश्न बहुतेक मालकीच्या शब्दांचे असतात (माझा, त्याचं, आपला), नाहीतर ‘आलाय’, ‘केलंय’ अशा आखूड रूपांचे. पुन्हा पुन्हा तेच सांगून घसा बसला, म्हणून हे एकत्र केलं. उदाहरणं तुमच्याच मेसेजमधली आहेत, नावं बदललेली.

१. ‘उसका’ म्हटलं की हिंदीत काम भागतं. मराठीत ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ वेगळं कशाला?

कारण मराठी दोन्हीकडे बघते. वस्तू कुणाची आहे हेही विचारते आणि वस्तू कसली आहे हेही. हिंदी फक्त वस्तू बघते: ‘उसका फोन’, ‘उसकी साइकिल’. फोन ताईचा का दादाचा, ते हिंदीला त्या शब्दात सांगायचं नसतं. इंग्रजीचं उलटं आहे. तिथे मालक बाई की पुरुष ते कळतं, पण वस्तूनुसार शब्द बदलत नाही. मराठीत दादाचा फोन ‘त्याचा’, दादाची सायकल ‘त्याची’, ताईचा फोन ‘तिचा’, ताईची सायकल ‘तिची’.

हिंदी शाळेतली मुलं इथे हमखास घसरतात. ‘ताईनं त्याची ओढणी घेतली’ असं म्हणतात आणि मग आपण विचारत बसतो, कुणाची रे, दादाची? मुलाला सर्वनामांचा तक्ता पाठ करायला लावू नका. वाक्यात आधी नाव घालायला सांगा: ‘ताईची ओढणी’. ‘ताई’ म्हणजे ‘ती’, म्हणून ‘तिची’. आठवडाभरात जमतं.

२. ‘माझी चहा’, ‘माझी दुकान’, ‘माझी आवाज’. सासूबाई हसतात. चूक काय?

चूक शेजारच्या भाषेची. चाय, दुकान, आवाज हे हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. मराठीत चहा पुल्लिंगी, आवाज पुल्लिंगी, दुकान नपुंसकलिंगी. म्हणून माझा चहा, माझा आवाज, माझं दुकान. पुस्तक हिंदीत ‘मेरी पुस्तक’, मराठीत ‘माझं पुस्तक’. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तेव्हा ‘माझं’चा कप्पा मुलाच्या डोक्यात मुळात तयार नसतो, तो करावा लागतो.

आणि पोहे. इंदुरात राहून हे सांगावं लागतंय, पण मराठीत पोहे अनेकवचनी आहेत. ‘पोहा बढ़िया था’ हे छप्पन दुकानवर, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, म्हणा, घरी मात्र ‘माझे पोहे कुठायत?’ म्हणा. ‘माझा पोहा’ ऐकलं की एकच पोहा बशीत पडलेला दिसतो.

३. ‘त्याच घर मोठं आहे’ लिहिलं तर मुलीच्या वहीत लाल रेघ आली. बोलतो तर तसंच ना?

बोलत नाही. नीट ऐका: शेवटी आवाज थोडा लांबतो, ‘त्याचं’. तो लांबलेला आवाज म्हणजे वरचं टिंब. ते गेलं की शब्दच बदलतो.

‘त्याचं’ म्हणजे त्या माणसाचं. ‘त्याच’ म्हणजे ‘त्या’ला ‘च’ लागलेला, हिंदीतलं ‘उसी’. ‘त्याच गावात’ म्हणजे उसी गाँव में, ‘त्याच्या गावात’ म्हणजे उसके गाँव में. अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लग्नाच्या बोलणीत कुणी ‘मुलगा त्याच गावात नोकरी करतो’ असं लिहिलं, तर वाचणारा आधी कुठल्या गावाचा उल्लेख आला ते वर शोधत बसेल.

ओळखायची युक्ती आहे. ‘त्याच’च्या पुढचं एकवचनी नाम कधीही मूळ रूपात येत नाही, त्याला काहीतरी चिकटलेलं किंवा त्याचं रूप बदललेलं असतं: त्याच घरात, त्याच माणसाला, त्याच दिवशी, त्याच वेळी. पुढे नुसतं ‘घर’ असेल तर ‘त्याच’ बसूच शकत नाही. तिथे एकतर ‘त्याचं घर’ हवं, म्हणजे त्या माणसाचं, नाहीतर ‘तेच घर’, म्हणजे वही घर. ‘त्याच घर’ असं काही मराठीत नसतं.

दोन्ही एकत्र हवे असतील तर? ‘त्याचंच घर’ (उसी का घर), ‘त्याच्याच घरात’. इथे टिंब मधल्या ‘चं’वर येतं, शेवटच्या ‘च’वर नाही. ‘माझंच’, ‘तुझंच’, ‘आपलंच’ तसंच. ‘तुझच खरं’ असं भांडणातसुद्धा लिहू नये.

फोनवर रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्यांचं टिंब सगळ्यात आधी गळतं. पर्यायांच्या पट्टीत ‘त्याच’ पहिला दिसतो आणि बोट तिथेच पडतं. पाठवायच्या आधी फक्त ‘च’वर संपणारे शब्द बघा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल.

४. ‘तिचा’ की ‘तीचा’?

‘तिचा’, पहिली वेलांटी. ‘ती’ दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व: तिचा, तिला, तिनं, तिच्याकडे. ‘ही’चं तसंच: हिचा, हिला.

‘च’ लागला तर मात्र ऱ्हस्व होत नाही, कारण तो प्रत्यय नाही, जोर द्यायला आलेला पाहुणा आहे: ‘तीच साडी’ म्हणजे वही साड़ी. ‘तिची साडी’ म्हणजे तिच्या कपाटातली. ‘तिच साडी’ दोन्हीकडून चूक.

५. कॉलनीच्या ग्रुपवर ‘आजोबांचे निधन झाले, त्याचे वय ८८ होते’ असं गेलं आणि घरचे दुखावले. एका टिंबानं एवढं?

एवढं. ‘त्याचे’ म्हणजे एका माणसाचं, अरे-तुरेच्या नात्यातलं. ‘त्यांचे’ म्हणजे अनेकांचं, किंवा एकाच पण मान द्यायच्या माणसाचं. आजोबांना ‘ते’ म्हणतो, मग त्यांचं वय, त्यांचा चष्मा, त्यांच्या आठवणी. हिंदीत ‘उसका’च्या जागी ‘उनका’ येतं, अख्खा शब्द बदलतो, म्हणून चूक लगेच दिसते. मराठीत फरक फक्त ‘त्या’च्या डोक्यावर असतो आणि घाईत तोच राहतो.

बायकांच्या बाबतीत आदराचं रूप ‘त्यांचा’च आहे, कारण आदरानं ‘त्या’ म्हणतो. ‘काकू आल्या, त्यांची पिशवी घे.’ आई-आजीला मात्र ‘अगं’ म्हणत असाल तर ‘तिची’ म्हणा, त्यात अनादर काही नाही. तुमच्या घरात आईला ‘अहो आई’ असेल तर ‘त्यांची’. ज्याच्या-त्याच्या घरचा रिवाज.

शोकसंदेश लिहिताना ‘त्या’ असलेला प्रत्येक शब्द एकदा बोट ठेवून वाचा. बाकी मेसेजना मी हा सल्ला देत नाही.

६. ‘आपला’ आणि ‘आमचा’ यांत फरक काय? दोन्ही ‘हमारा’च ना?

हिंदीत दोन्ही ‘हमारा’. मराठीत समोरच्याला आत घेतलंय की बाहेर ठेवलंय हे त्या शब्दातच ठरतं. ‘आमचा’ म्हणजे आमचा, तुमचा नाही. ‘आपला’ म्हणजे माझा आणि तुझाही.

पुण्याचा पाहुणा आला की आपण म्हणतो, ‘आमच्या इंदुरात सकाळी पोहे-जिलबी असते.’ तेच शेजाऱ्याला सांगताना ‘आपल्या इंदुरात’. इंदुरात मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ साली झालं. तेव्हा बाहेरच्या पाहुण्याला ‘आमच्या शहरात संमेलन आहे’ म्हणायचं आणि गल्लीतल्या माणसाला ‘आपल्या शहरात संमेलन आहे, कामाला या’. उलट केलंत तर पाहुणा गोंधळेल आणि गल्लीतला माणूस म्हणेल, ‘बरं, तुमचं आहे ना, मग तुम्हीच बघा.’

नव्या सुनेला हे व्याकरण सगळ्यात लवकर कळतं. सासरी कुणी ‘आमच्याकडे भाजीत गूळ घालतात’ म्हणालं तर ती अजून बाहेरची. ‘आपल्याकडे गूळ घालतात’ म्हणालं की आत आली.

मुलांना समजवायला इंदुरी हिंदी कामाला येते. ‘अपन चलते हैं’ म्हटलं की समोरचा त्यात आहेच, हे इथलं कुठलंही मूल जाणतं. ‘अपन’ जिथे बसतं तिथे आपण आणि आपला, जिथे बसत नाही तिथे आम्ही आणि आमचा. गुजराती शेजारी असतील तर त्यांच्याकडेही ‘आपणे’ आणि ‘अमे’ अशी हीच जोडी आहे.

७. मग ‘तिनं आपला डबा खाल्ला’ म्हणजे माझा पण डबा खाल्ला का?

नाही, हे दुसरं ‘आपला’. हिंदीतलं ‘अपना’. इथे ‘आपला’ वाक्यातल्या कर्त्याकडे परत जातो: तिनं स्वतःचा डबा खाल्ला. प्रश्न ६ मधला ‘आपला’ आणि हा दिसायला सारखे, संदर्भानंच कळतात. घोटाळा वाटला की ‘स्वतःचा’ लिहावं.

याचा उपयोगही मोठा आहे. ‘रमेशनं सुरेशला त्याची स्कूटर दिली.’ कुणाची? मराठी कान इथे बहुधा सुरेशची धरतो, म्हणजे रमेशनं सुरेशची स्कूटर परत केली. ‘आपली स्कूटर दिली’ म्हटलं की ती नक्की रमेशची.

आता गुंता. हिंदीत ‘मैं अपने घर जा रहा हूँ’ असंच म्हणावं लागतं, ‘मैं मेरे घर’ कानाला खटकतं. मराठीत ‘मी माझ्या घरी जातोय’ अगदी सरळ आहे. इंदुरी मुलं हिंदीच्या सवयीनं ‘मी आपल्या घरी जातोय’ म्हणतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या म्हणजे तुझ्या-माझ्या दोघांच्या घरी, चला मीही येतो. ‘मी’बरोबर ‘माझा’ आणि ‘तू’बरोबर ‘तुझा’ ठेवा. ‘आपला’ हा ‘तो, ती, ते’साठी राखून ठेवला की निम्मे घोटाळे संपतात. ‘तू आपलं काम कर’ हे मात्र चालतं, जरा फणकाऱ्यानं.

८. ‘आपला’चे आणखी किती अर्थ आहेत?

दोन मोठे राहिले. एक, अदबीचा: ‘आपलं नाव काय?’ म्हणजे तुमचं. पत्राच्या शेवटी ‘आपला’ लिहितो तोही इथलाच. लिहिणारी बाई असेल तर ‘आपली’, कारण शब्द सही करणाऱ्याचं लिंग घेतो, वाचणाऱ्याचं नाही.

दुसरा माझा लाडका, ज्याला मालकी-बिलकी काही नाही. ‘असाच आपला फिरत होतो.’ ‘मी आपली गप्प बसले.’ इथे ‘आपला’ म्हणजे उगीच, साधं, फार काही न करता. हा हिंदीत नेता येत नाही, इंग्रजीत तर नाहीच. इंदुरात वाढलेल्या नातवंडांच्या बोलण्यातून हा पहिल्यांदा जातो असं मला दिसतं. त्यांच्या तोंडी हा आला की मी मनातल्या मनात पेढा वाटते.

९. ‘माझं’ लिहू की ‘माझे’?

दोन्ही बरोबर, जागा वेगळ्या. बोलतो ‘माझं घर’, औपचारिक लेखनात लिहितो ‘माझे घर’. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली आणखी चार आले, एकूण अठरा. त्यांत बोलण्यासारखं लिहायचं असेल तर ‘असं केलं’ असं टिंब देऊन लिहायला मोकळीक आहे. अर्ज, दाखला, निमंत्रणपत्रिका यांत ‘माझे, त्याचे, केले’. पत्र, मेसेज, गोष्टीतले संवाद यांत ‘माझं, त्याचं, केलं’. हे पान बोलण्यासारखंच लिहिलंय.

एकाच परिच्छेदात ‘माझं घर’ आणि ‘माझे गाव’ अशी सरमिसळ नको.

एक अडचण राहते. ‘त्याचे मित्र’मधला ‘त्याचे’ हा पुल्लिंगी अनेकवचनी आहे, त्याला टिंब कधीच नाही. ‘त्याचं मित्र आले’ हे बोलीतसुद्धा चूक. ‘त्याचं’ एकाच नपुंसकलिंगी वस्तूसाठी. वस्तू अनेक झाल्या की ‘त्याची पुस्तकं’.

१०. ‘माझे दोन भाऊ आहेत’ बरोबर ना? ‘मेरे दो भाई हैं’ तर म्हणतात.

मराठीत नात्यांना ‘मला’: मला दोन भाऊ आहेत. वस्तूंना ‘माझ्याकडे’: माझ्याकडे स्कूटर आहे. खिशातल्या पैशांना ‘माझ्याजवळ’ किंवा ‘माझ्यापाशी’. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं तर ते सुट्टीत राहायला आले असावेत असं वाटतं.

११. ‘आलाय’, ‘आलीय’, ‘आलंय’, ‘आलेत’. कुठे काय?

हे सगळे ‘आहे’ किंवा ‘आहेत’ पोटात घेऊन बसलेले शब्द आहेत. उघडून बघा. तो आला आहे: आलाय. ती आली आहे: आलीय, कुणी ‘आलीये’ म्हणतं. पत्र आलं आहे: आलंय. पाहुणे आले आहेत: आलेत. काकू आल्या आहेत: आल्यात. मुलं आली आहेत: आलीत. मी आलोय, आणि बाई असेल तर मी आलेय.

दोन चुका नेहमीच्या. एक, टिंब: ‘झालय’, ‘केलय’ असं नसतं. ‘झालं’ला टिंब आहे, मग ‘झालंय’लाही ते राहणारच. दोन, ‘पाहुणे आलेय’. पाहुणे अनेक, मग ‘आहेत’ हवं, ‘आहे’ नाही. म्हणून ‘आलेत’.

‘तुम्ही कधी आलात?’ हे मात्र आखूड रूप नाही, साधा भूतकाळ आहे. उघडायला गेलात तर आत काही सापडणार नाही. ‘तुम्ही आलायत’मध्ये ‘आहात’ आहे.

रजेच्या अर्जात ‘मी गावी जातोय’ लिहू नका, ‘जात आहे’ लिहा. आणि ‘मी करून राहिलोय’ हे ‘कर रहा हूँ’चं मराठी सोंग आहे. विदर्भातही ऐकू येतं, तिथे त्याचा स्वतःचा रुबाब आहे. वहीत मात्र ‘करतोय’.

१२. ‘नाही’ आणि ‘नाहीये’ सारखंच का?

नाही. ‘नाहीये’मध्ये ‘आहे’ आहे, म्हणून ते आत्ताचं सांगतं. ‘मी कांदा खात नाही’ म्हणजे कधीच नाही, व्रत किंवा सवय. ‘मी कांदा खात नाहीये’ म्हणजे या घासाला नाही. पंगतीत यजमानाला कुठलं सांगताय यावर उद्याचा स्वयंपाक ठरतो.

जाता जाता: ‘मला माहीत आहे’ बोलताना ‘माहितीये’ होतं. लिहिताना ‘माहीत’चा ‘ही’ दीर्घ आणि ‘माहिती’चा ‘हि’ ऱ्हस्व.

१३. ‘कुणाचीये ही चप्पल?’ हे लिहिताना कसं लिहायचं?

ही सगळ्यात अवघड जात, कारण मालकी आणि ‘आहे’ एकाच शब्दात आलेत. कुणाची आहे: कुणाचीये. हा कुणाचाय? माझाय. ते कुणाचंय? त्यांचंय. बोलायला फार गोड आणि सर्रास, पण लिहिलेलं डोळ्याला अडकतं. गोष्टीतल्या संवादात लिहा, एरवी ‘कुणाची आहे’ असं सुटं. लिहायचंच झालं तर प्रश्न ३ आणि ५ मधली टिंबं जशीच्या तशी ठेवायची. ‘त्यांचंय’वर दोन टिंबं असतात आणि दोन्ही खरी असतात.

१४. मुलगा इंग्रजीत ‘इट्स’ आणि ‘इट’स’मध्ये रोज गोंधळतो. मराठीतून काही सांगता येईल?

प्रश्न मराठीचा नाही, पण महिन्यातून दोनदा येतो आणि उत्तर मराठीत सोपं आहे. इंग्रजीत हे दोन्ही कानाला एक. लिहिताना एकात वर टिकलीसारखं चिन्ह, दुसऱ्यात नाही. ती टिकली म्हणजे इथलं अक्षर गळालं याची खूण, आपल्या ‘आलाय’सारखी. म्हणून वाक्य मराठीत आणून बघायचं. ‘आहे’ आलं तर टिकली, ‘त्याचं’ आलं तर टिकली नाही. ‘कुत्र्यानं त्याची शेपटी हलवली’: त्याची, टिकली नाही. ‘आज गरम आहे’: आहे, टिकली.

‘युअर’ आणि ‘यू’र’लाही हेच: ‘तुझा’ असेल तर साधं, ‘तू आहेस’ असेल तर टिकलीवालं. ‘हूज’ म्हणजे कुणाचं, टिकलीवालं ‘हू’ज’ म्हणजे कोण आहे. ‘देअर’ तीन आहेत: ‘त्यांचा’ असेल तर टी-एच-ई-आय-आर, ‘तिथे’ असेल तर टी-एच-ई-आर-ई, ‘ते आहेत’ असेल तर टिकलीवालं.

मुलं फसतात त्याला कारण आहे. इंग्रजीत नामाला मालकी लावताना टिकली येते, ‘राम’ची वही म्हणताना. मग मूल म्हणतं, मालकी म्हणजे टिकली. सर्वनामांना तो नियम नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, इट्स, मालकीच्या यांतल्या कुणालाच टिकली नाही.

अपवाद दोन. ‘इट’स बीन रेनिंग’मध्ये गळालेला शब्द ‘इज’ नसून ‘हॅज’ आहे, पण मराठीत ‘पाऊस पडतोय’ म्हणजे ‘पडतो आहे’, ‘आहे’ आलंच, युक्ती टिकते. ‘लेट’स गो’मध्ये मात्र ‘आहे’ कुठेच नाही, तिथे ‘अस’ गळालंय. ते मुलाला ‘चला, आपण जाऊ’ म्हणून शिकवा, म्हणजे प्रश्न ६ मधल्या ‘आपण’चीही उजळणी होते.

१५. आजीच्या जुन्या पत्रांत ‘घरांत’, ‘माझें’, ‘त्यांत’ अशी टिंबंच टिंबं आहेत. आजी चुकत होती का?

आजी बरोबर होती, नियम नंतर बदलले. पूर्वी उच्चार होत नसला तरी व्युत्पत्तीसाठी अनुस्वार देत. १९६२च्या नियमांनी ते काढले. म्हणून जुनं ‘माझें घर’ आज छापील मराठीत ‘माझे घर’ आणि बोलण्यात ‘माझं घर’.

पण वाचताना सांभाळा. आज ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांमध्ये आणि ‘त्यांत’ म्हणजे त्यांच्यामध्ये, अनेकवचन. आजीच्या काळी ‘घरांत पाहुणे आहेत’ म्हणजे एकाच घरात, तिच्या स्वतःच्या. गेल्या दिवाळीत एका मुलानं पणजीचं पत्र वर्गात आणलं आणि विचारलं, पणजीची किती घरं होती? एकच होतं, रामबागेतलं, भाड्याचं.